टेबलाखालचा गुडघा

गुडघा बदलून घेतला तेव्हापासून शिकवायला मुलांच्या घरी जाणं सुटलं. मुलुंड आणि बोरिवलीच्या मध्ये नॅशनल पार्कचा डोंगर. लोकलने जायचं तर आधी दादरपर्यंत खाली यायचं आणि मग दुसऱ्या लाइनने पुन्हा वर. दादरच्या पुलाच्या पायऱ्या आठवल्या की मी घरीच थांबते. त्यामुळे आता सगळी मुलं स्क्रीनवर. २०२०च्या मार्चनंतरही ती स्क्रीनवरच होती म्हणा, पण तेव्हा ‘थोडे दिवस रेटू या’ असं सगळेच एकमेकांना सांगत होते. आता तशी सोय उरलेली नाही.

टायमर कुठे ठेवावा, काम किती लहान तुकड्यांत द्यावं, ब्रेकला मुलाला मोबाइल का देऊ नये, यावर मी इथे शाई खर्च करत नाही. एडीएचडीच्या मुलांबरोबर एक वर्ष काढलेल्या कुठल्याही टीचरला ते ठाऊक असतं. माझं घोडं अडलंय ते टेबलाखाली.

घरी जाऊन शिकवायचे तेव्हा मी मुलाच्या समोर बसायचे नाही. टेबलाच्या कोपऱ्याला, काटकोनात बसायचे, कोपर टेबलावर टेकवून. मुलाचा गुडघा हलायला लागला की त्याची थरथर लाकडातून माझ्या कोपरापर्यंत यायची. वजाबाकीत हातचा लक्षात ठेवायची वेळ आली की थरथर वाढायची. आई आतून ओरडायची, ‘पाय हलवू नकोस, लक्ष दे!’ आणि मी मनात म्हणायचे, हलवू दे गं बाई. कारण पाय थांबला की मुलगा गेला. डोळे वहीवर, पेन्सिल बोटांत, मान अगदी आज्ञाधारक, आणि स्वारी केव्हाच भांडुप ओलांडून पुढे. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या मार्क रॅपोर्ट यांच्या गटाने २०१५ मध्ये एक अभ्यास छापला. त्यात एडीएचडीची मुलं जितकी जास्त हलली तितकं त्यांना आकडे-अक्षरं डोक्यात धरून ठेवणं बरं जमलं. बाकीच्या मुलांचं नेमकं उलटं झालं. तो वाचून मी आठवडाभर फुशारकी मारत फिरले. माझ्या कोपराला हे फ्लोरिडाच्या आधीपासून कळत होतं, असं दोन पालकसभांमध्ये सांगितलंसुद्धा.

लॅपटॉपचा कॅमेरा दाखवतो छातीपासून वरचा मुलगा, म्हणजे त्याचा सगळ्यात कमी भरवशाचा भाग. चेहरा कसा ठेवायचा हे ही मुलं शाळेत पहिलीपासून शिकलेली असतात, बोलणी खाऊन खाऊन. त्यात कॅमेरा वर आणि माझा चेहरा खाली, म्हणून तो माझ्याकडे बघतो तेव्हा मला त्याची नजर पडलेली दिसते. थेट माझ्याकडे बघतोय असं वाटतं तेव्हा तो लेन्सशेजारचा दिवा बघत असतो. ‘आय कॉन्टॅक्ट द्या’ म्हणणाऱ्या ऑनलाइन शिक्षकांना हे अजून कसं उमगलेलं नाही, देव जाणे.

पहिला उपाय सगळेच करतात: बाबांचा जुना फोन स्टीलच्या डब्यांवर आडवा ठेवून वहीवर रोखायचा आणि तोही मीटिंगमध्ये आणायचा. त्या फोनवर ऑडिओ जोडायचा नाही, नाहीतर दोन माइक एकमेकांचं ऐकून किंचाळतात. ट्यूबलाइटचे पट्टे पडत असतील तर फोनची सेटिंग ५० हर्ट्झवर आणायची, कारण आपली वीज ५०ची. एवढं केलं की वही दिसते, हात दिसतो, खोडरबराचा भुगा दिसतो. गुडघा दिसत नाही.

मग मी फोन बाजूला, फ्रिजवर ठेवायला सांगितला. बोरिवलीच्या एका मुलाच्या घरी ठेवलाही. काय सुंदर दिसत होतं! अख्खा मुलगा, खुर्चीच्या दांडीवर टेकलेले पाय, सगळं. आणि त्याच्या मागे नाइट शिफ्ट करून झोपलेले वडील, दोरीवरचे कपडे, बनियनवर पेपर वाचणारे आजोबा. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा मेसेज आला, ‘टीचर, तो फोन नको ना.’ वन बीएचकेमध्ये मुलगा ज्या कोनातून दिसतो त्याच कोनातून घरही दिसतं. मला हवा असलेला कोन त्या घराकडे नव्हताच. घाटकोपरच्या एका आईने मुलाच्या मागे साडी टांगली. पंख्याने साडी हलायची आणि मुलगा सेशनभर साडी बघायचा. व्हर्च्युअल बॅकग्राउंड लावलं तर ते हलणारे हातपायच गिळून टाकतं, म्हणजे मला जे बघायचं तेच.

अंधेरीत एक मॅडम आहेत. रिंग लाइट, मागे पुस्तकांची कृत्रिम भिंत, बरोबर उत्तराला स्क्रीनभर चमचमणारे कागदाचे तुकडे. मुलं खूश, पालक त्याहून खूश. मी नाकं मुरडली आणि त्याच महिन्यात रिंग लाइट मागवला. मुलांना मी पहिल्याच दिवशी ‘हाइड सेल्फ व्ह्यू’ दाबायला लावते, कारण स्वतःचं तोंड समोर असताना गणिताकडे कोण बघेल? माझी चौकट मात्र मी उघडीच ठेवते. हनुवटी कशी दिसते ते बघायचं असतं.

पण त्या मॅडमचं मला एवढं टोचत नाही. टोचतात ते मुलाच्या डोळ्यांवरून ‘फोकस’चे टक्के काढून देणारे. पालकांना तो आकडा फार आवडतो. त्यांचंही चुकत नाही, परीक्षेतल्या सवलतीसाठी त्यांना कागद लागतो. २०१६च्या अपंग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. त्यात लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडी वेगळी नाही. म्हणून जोडीला एलडी निघतेय का ते बघायला लोक सायन, केईएम, नायरच्या रांगेत उभे राहतात, दहावीला वाढीव वेळ मिळावा म्हणून. मुंबईत १९९६ मध्ये महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू झाली त्या काळात पालक विचारायचे, ‘याला काय झालंय?’ २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ आला आणि मग ‘हा पण तसाच आहे का?’ विचारायला लागले. आता विचारतात, ‘रिपोर्ट कधी मिळेल?’

तर गुडघा. दिसत नाही तर ऐकू येईल, हे मला फार उशिरा सुचलं. फोन डब्यांवर न ठेवता टेबलाच्या फळीवरच पालथा ठेवायचा, आणि या वेळी ऑडिओ त्याचाच घ्यायचा. लाकडातून येणारी ठक-ठक माइक पकडतो. पण ऐकू काहीच येईना. दोन सेशन गेली तेव्हा लक्षात आलं की पार्श्वभूमीचा गोंगाट गाळणारी झूमची सोय नेमकी हीच ठक-ठक गाळत होती. एकसारखा, पुन्हा पुन्हा येणारा आवाज म्हणजे कचरा, असं तिचं गणित. सेटिंग्जमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ असतं, ते चालू केलं. तबला शिकवणाऱ्यांसाठीची सोय मी वजाबाकीसाठी वापरते. त्यातून कुकरची शिट्टी येते, शेजारच्या रीडेव्हलपमेंटचं ड्रिलिंग येतं, आणि त्या सगळ्याच्या खालून गुडघा येतो. थांबला की मी प्रश्न बदलते किंवा त्याला उभं राहून पुढचं गणित सोडवायला सांगते.

नेहमी जमतं असं नाही. फोल्डिंगच्या हलक्या टेबलावर छान ऐकू येतं. मागच्या महिन्यात एका आईने माझ्या शब्दाला मान देऊन मुलाला जाड सागवानी टेबल घेतलं, भिंतीला ठोकून पक्कं. आता तो मुलगा मला अजिबात ऐकू येत नाही. तिला हे कसं सांगावं याचा विचार चालू आहे. पलंगावर मांडी घालून बसणाऱ्या मुलांचं काय करावं, तेही सुटलेलं नाही. मांडीत गुडघा हलतो पण गादी सगळं पिऊन टाकते. मांडीवर पाट ठेवून बघितला. पाट घसरतो.

ऑनलाइन सेशन लावणाऱ्या पालकांना एक विनंती. पहिल्या दिवसाआधी मला मुलाचं प्रगतिपुस्तक पाठवू नका. टेबलाचा फोटो पाठवा, खालच्या बाजूचाही. आणि सेशन चालू असताना ‘पाय हलवू नकोस’ म्हणून आतून ओरडू नका.