कानातली खोली

बिनतारी इअरबड्स लॅपटॉपला जोडणे हे तसे दोन मिनिटांचे काम. डबी उघडायची, कळ काही सेकंद दाबून धरायची, दिवा लुकलुकू लागला की लॅपटॉपच्या ब्लूटूथच्या यादीत नाव शोधून त्यावर टिचकी मारायची. एवढ्याशा गोष्टीवर लेखणी उचलावी असे आम्हां दोघा मराठीच्या प्राध्यापकांना एरवी वाटले नसते. पण ही जोडणी आम्ही माहुलमध्ये पाहिली आणि तिचा अर्थ तेथे निराळाच लागला.

माहुल हे चेंबूरपलीकडचे जुने कोळ्यांचे गाव. एका अंगाला तेलशुद्धीकरण कारखाने, दुसऱ्या अंगाला फ्लेमिंगो उतरतात ती खाडी. गावाजवळ प्रकल्पग्रस्तांसाठी सात मजली इमारतींची वसाहत उभी राहिली. येथील हवा रहिवाशांच्या आरोग्यास घातक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नोंदवले होते. तरीही २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतची अनेक कुटुंबे येथे आणली गेली. येथे राहू न इच्छिणाऱ्यांना पर्यायी घर नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. काही गेले, काही राहिले. राहिलेल्यांत आमच्या एका विद्यार्थिनीचे कुटुंब आहे. घर २२५ चौरस फुटांचे, माणसे पाच.

एका रविवारी आम्ही तिच्याकडे गेलो असता ती संध्याकाळच्या ऑनलाइन तासाची तयारी करत होती. लॅपटॉपच्या यादीत शेजारचा टीव्ही होता, वरच्या मजल्यावरचा स्पीकर होता, कुणाकुणाचे फोन होते. जणू मजल्यावरच्या नावांच्या पाट्याच. भिंतीलाही कान असतात ही म्हण आम्ही वर्गात शिकवतो. येथे ते पडद्यावर वाचता येत होते. तिचे इअरबड्स मात्र त्या यादीत नव्हते. ते आधीच वडिलांच्या फोनला जोडले गेले होते.

अशी साधने सहसा ओळखीच्या यंत्राकडे आपणहून धावतात. मोठ्या घरात फोन पलीकडच्या खोल्यांत नेला की ती ओढ सुटते. पण ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटरचा, आणि या घरात एवढे लांब जायला जागाच नाही. अशा घरात तंत्राचा प्रश्न परवानगीचा होतो. तिने म्हटले, "बाबा, तुमचं ब्लूटूथ बंद करता का?" ऐकत असलेला हरिपाठ थांबवून त्यांनी ते बंद केले आणि फोन घेऊन ते बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभे राहिले. खरी जोडणी झाली ती तेव्हा.

पुढचे काम यंत्राचे. ब्लूटूथच्या लहरी ७९ वाहिन्यांवरून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतात. उड्यांचा क्रम जोडलेल्या दोन साधनांनाच ठाऊक असतो, म्हणून एका मजल्यावरचे इतके आवाज एकमेकांत मिसळत नाहीत. माइकही इअरबड्सचाच निवडला तर मात्र ऐकू येणारा आवाज बहुधा जुन्या टेलिफोनसारखा चपटा होतो. म्हणून ती माइक लॅपटॉपचा ठेवते. मग तिने तोंड उघडले की कुकरची शिट्टीही आमच्या तासाला हजर होते. तिच्या गप्प राहण्याचे कारण आम्हांला त्या दिवशी कळले.

ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड नावाच्या डॅनिश राजावरून घेतले आहे. विखुरलेल्या टोळ्या त्याने एक केल्या, तसे हे तंत्र निरनिराळी यंत्रे एकत्र आणील, ही त्यामागची कल्पना. येथे त्याचा उपयोग नेमका उलटा, वेगळे होण्यासाठी. चाळीतल्या सामायिक जगण्याचे कौतुक आपल्या साहित्याने पुष्कळ केले. त्या जगण्यात एकट्याने वाचू पाहणाऱ्या मुलीची खोली कोणती, हे फारसे विचारले नाही. आमच्या विद्यार्थिनीला ती खोली तासाभरापुरती कानात सापडते.

तीही अर्धीच. ऑगस्ट २०१८ मध्ये येथील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. तेव्हापासून आईची सक्त ताकीद आहे, दोन्ही कान बंद करायचे नाहीत. त्यामुळे एक इअरबड डबीतच राहतो. आमचे व्याख्यान ती एका कानाने ऐकते. दुसरा माहुलसाठी उघडा असतो.