दहा हजार आराखडे

ए-३२० जातीच्या प्रवासी विमानात, मागच्या अंगाला, प्रवाशांची आसने आणि छोटेसे स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक भिंत उभी असते. ती केवळ आडोशासाठी आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु विमान चढताना व उतरताना सेवक ज्या घडीच्या आसनांवर बसतात, ती या भिंतीला जोडलेली असतात. अपघाताचा हिसका बसलाच, तर त्यांच्या वजनाच्या सोळापट जोर तिने सोसला पाहिजे. आणि एवढे करून ती हलकीही हवी. कारण विमानातील प्रत्येक किलो वजन जन्मभर इंधन खात असते.

ही भिंत नव्याने घडवण्याचे काम एअरबस आणि ऑटोडेस्क या कंपन्यांनी हाती घेतले. २०१५ साली ती जगापुढे आली. तिच्या अभियंत्यांनी प्रथम रेघ ओढली नाही. त्यांनी संगणकाला अटी सांगितल्या आणि निसर्गातील दोन कारागिरांचे नियम शिकवले. ओलसर पालापाचोळ्यावर वाढणारा एक चिकट जीव आपले अन्नकण थोडक्या धाग्यांनी जोडून घेतो. हाड जेथे ताण पडतो तेथे दाट होते, एरवी विरळ राहते. या दोन नियमांवर संगणकाने दहा हजारांहून अधिक आराखडे काढले.

दहा हजार! एकच लुगडे घ्यावयास गेलेल्या गिऱ्हाइकापुढे दुकानदाराने सारे कपाट रिकामे करावे, तशी ही गत. सर्वांत हलकी भिंत अधिक वाकते. न वाकणारी भिंत जड होते. कितपत वाकलेले चालेल, हे संगणक सांगत नाही. ते त्याला सांगावे लागते. चमूतील एकाला वजनाची काळजी, दुसऱ्याला बळकटीची, तिसऱ्याला खर्चाची. खरा वाद येथेच होतो आणि तो व्हायलाच हवा. अखेर निवडलेली भिंत जुनीपेक्षा सुमारे ३० किलोंनी, म्हणजे शेकडा ४५ने हलकी होती. दिसावयास ती एखाद्या प्राण्याच्या हाडांच्या जाळीसारखी होती.

तरी काम संपले नाही. त्रिमितीय मुद्रणाने धातूचे शंभरावर तुकडे बनवून ते जोडणे हे वेळखाऊ आणि महागडे काम होते. शिवाय विमानात नवा धातू वापरायचा, तर आधी तो कसोट्यांना उतरला पाहिजे. म्हणून पुढे चमूने निराळा मार्ग धरला: प्लॅस्टिकचा साचा मुद्रित करावयाचा आणि विमानांसाठी आधीच मान्य झालेला धातू त्या साच्याच्या साह्याने ओतावयाचा. ओतकाम ही तर माणसाची हजारो वर्षांची जुनी विद्या!

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत आणि आराखड्यांचा वेग आणखी वाढला आहे. परंतु आसनांची कसोटी घेताना त्यांवर माणसाएवढ्या वजनाचा पुतळा आजही बसवतात आणि जोराचा हिसका देतात. पुतळा जागचा हलला का, पट्टा सुटला का, हे बारकाईने पाहतात. मग कागद पुढे येतो. त्याच्या तळाशी सहीसाठी जागा सोडलेली असते, आणि ज्याला ती करावयाची, तो अभियंता पुन्हा एकदा विचारतो, “ही काडी येथे एवढी बारीक का?”