कोंबडीला तिकीट लागतं का?

मुलांच्या पुस्तकाला गिऱ्हाइकं दोन. एक पैसे मोजतं, दुसरं वाचतं. मोजलेल्या पैशांत पोराच्या पदरात काहीतरी पडावं, अशी पहिल्याची अपेक्षा असते. दुसऱ्याला फक्त पुढचं पान हवं असतं. पन्नाशी ओलांडल्यावर, सांगलीतल्या बँकेत व्हाउचरं पास करता करता मी एक गोष्ट लिहिली. पुण्याच्या एका प्रकाशकांनी ती घेतली आणि येत्या दिवाळीच्या आत तिचं पुस्तक होणार आहे. ही बातमी घरात आणि बँकेत फुटल्यापासून मला जे भेटतंय ते सगळं पहिलं गिऱ्हाईक.

गोष्ट एवढीशी आहे. आजी आणि नात एसटीनं आठवडी बाजाराला निघाल्यात. आजीच्या कापडी पिशवीत कोंबडी. कंडक्टर तिकिटं देत देत जवळ यायला लागतो तशी आजी पिशवी पदराखाली घेते. पण कोंबडीच ती, गप्प थोडीच बसणार! मग कोंबडीला तिकीट लागतं का, लागलं तर फुल की हाफ, यावर अख्ख्या गाडीत वाद पेटतो. तालमीला निघालेल्या पैलवानापासून माहेरी चाललेल्या बाईपर्यंत प्रत्येकाला मत असतं. वाद ऐन रंगात आल्यावर कोंबडी पिशवीतून सटकते आणि कंडक्टरच्या सीटवर जाऊन अंडं घालते. आजी म्हणते, हे घ्या तिकीट. संपली गोष्ट.

ऐकणारं प्रत्येक मोठं माणूस आधी हसतं, आणि हसून झालं की विचारतं, "बरं, पण तात्पर्य?" आमच्या कॅशियरला वाटतं, आजी लपवून कोंबडी नेते हे मुलांपुढे जाऊ नये. शेजारच्या काकूंनी शेवटी कंडक्टरनं आजीला नीट समजावून सांगावं आणि आजीनं ऐकावं, असं सुचवलं. काकू स्वतः कुणाचं ऐकतात असा लौकिक नाही. पण सगळ्यांवर कडी केली माझ्या दिरांनी. ते लेखापरीक्षक. उभी हयात सोसायट्यांची दप्तरं तपासण्यात गेली. कागद बाजूला ठेवून म्हणाले, "वहिनी, हे अंडं म्हणजे सरळ लाच आहे. ड्युटीवरच्या माणसाला, वस्तुरूपात. आणि पावती कुठंय?"

त्यांना हसणं सोपं आहे. पण आपल्याकडे मुलांचं वाचन आलं तेच मोठ्यांचं बोट धरून. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ मध्ये 'बालबोध' काढलं, वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ मध्ये 'आनंद' काढलं. मुलांना वाचायला काही हवं हे कळायलाच तेव्हा मोठं मन लागत होतं, आणि हे मन शिकवणाऱ्याचं होतं. पुढं साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढलं. ते पुस्तक आमच्या पिढीत कुणी विकत घेतल्याचं मला आठवत नाही. ते बक्षीस मिळायचं. वक्तृत्वात मिळायचं, हस्ताक्षरात मिळायचं, पाढे पाठांतरात मिळायचं. एकेका घरात तीन-तीन प्रती. वाचून मी रडलेय, आजही रडेन. पण ते देणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक समाधान असायचं, ते टॉनिकची बाटली देताना डॉक्टरांच्या चेहऱ्यावर असतं तसलं.

आणि त्याच कपाटात फुरसुंगीचा बनेश फेणे होता. भा. रा. भागवतांचा हा पोरगा कुणाला काही शिकवायला निघालेला नव्हता, तो नुसता निघालेला असायचा. विंदा करंदीकरांचं 'राणीची बाग' १९६१ चं. तिथले प्राणी तर मोठ्यांच्या शहाणपणाला अजिबात धूप घालत नाहीत. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'मध्ये राधा आपल्या घरातल्या माणसांबद्दल सांगते. बस्स, सांगते. ते वाचून पोर आपल्या घरातल्या माणसांकडे नव्यानं बघायला लागतं, पण 'बघा' असं पुस्तक कुठं म्हणत नाही. मला असं लिहायचं होतं. मात्र असं लिहायचं म्हणजे आधी आपण गोष्टीतून किती बाहेर व्हायचं, हे मला हस्तलिखित स्वीकारलं गेल्यावर कळायला लागलं.

पुण्याच्या संपादकबाई फार बोलत नाहीत. त्यांचं एक वाक्य मला आता झोपेतही ऐकू येतं: "हे चित्रात दिसेल." मी लिहिलं होतं, गाडीत खूप गर्दी होती, कुणी उभं होतं, कुणी टपावरच्या सामानाची काळजी करत होतं. बाईंनी आडवी रेघ मारली. हे चित्रात दिसेल. आजीनं हिरवं लुगडं नेसलं होतं. रेघ. कोंबडी पिशवीतून डोकं बाहेर काढून इकडेतिकडे बघत होती. हे वाक्य मला फार आवडायचं, म्हणून मी जरा कुरकुरले. तेव्हा त्यांनी कपाटातून एक जुनं इंग्रजी पुस्तक काढून हातात ठेवलं. पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक', १९६८ चं. त्यातही एक कोंबडी फिरायला निघते. अख्ख्या पुस्तकात शब्द फक्त ३२. तिच्या मागावर कोल्हा आहे, तो पानोपानी फजित होतोय, आणि मजकुरात कोल्ह्याचं नावसुद्धा नाही. कोल्हा फक्त बघणाऱ्याला दिसतो, म्हणजे ज्याला अजून वाचता येत नाही त्याला आधी. आई वाचत असते आणि पोर ओरडत असतं, अगं मागे बघ!

मी घरी येऊन 'कोंबडी' हा शब्द पहिल्या सहा पानांतून काढून टाकला. आता तिथं चोच फक्त चित्रात आहे. पिशवीच्या बंदांमधून बाहेर आलेली, दर पानावर थोडी जास्त.

पुस्तक २४ पानांचं. मधोमध पिना मारायच्या असल्या की पानं चारच्या पटीत लागतात, त्यातलं एक पान नावाला जातं, एक प्रकाशकाच्या पत्त्याला आणि बारीक अक्षरांतल्या हक्कांना. उरतं त्यात एसटी, बाजार आणि वाद बसवायचा. सहा कागद दुमडून, मध्ये स्टेपल करून मी डमी केली, आणि पान उलटणं ही काय चीज आहे ते तेव्हा उमगलं. प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी हवा आणि उत्तर उलटल्यावर डावीकडे. अंडं उजव्या पानावर आलं असतं तर डाव्या पानाचा वाद वाचायच्या आधीच डोळा तिकडे गेला असता आणि सगळा खेळ खलास. तीच गत ओळींची. पहिलीतलं पोर ओळीखाली बोट धरून वाचतं. जिथं ते श्वास घेईल तिथं ओळ मोडली पाहिजे, जागा संपली म्हणून नाही. एवढ्या चिंतेनं मी बँकेचा ताळेबंदसुद्धा कधी पाहिला नव्हता.

चित्रं काढणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. मला काकू म्हणते आणि माझं एकही ऐकत नाही, जे बरंच आहे. माझ्या डोक्यातल्या कंडक्टरच्या काखेत पत्र्याची पेटी होती, रंगीत तिकिटांचे गठ्ठे होते, आणि चिमटा टकटक वाजवत तो यायचा. तिनं हातात मशीन दिलं. मी म्हटलं, अगं, त्या टकटकीनंच कोंबडी घाबरते! ती म्हणाली, "काकू, आताच्या मुलांनी चिमटा पाहिलाच नाहीये. मशीनमधून तिकीट सरसर बाहेर येतं ना, ते कोंबडीला गांडूळ वाटेल." यावर काय बोलणार? कोंबडी आता पिशवीतून सटकते ती तिकिटावर चोच मारायला. माझ्या मूळ गोष्टीपेक्षा हे सरस आहे, आणि ते मला सुचलेलं नाही.

रंगीत प्रूफ आलं तेव्हा एसटी भगवी दिसत होती. छपाईच्या चार शायांत लाल नसतोच, मॅजेंटा आणि पिवळा एकावर एक पडून तो तयार होतो, आणि इथं पिवळा वरचढ झाला होता. मुलीनं पिवळा थोडा उतरवायला सांगितला. पुढच्या प्रुफात गाडी लाल झाली आणि गावठी कोंबडी आजारी दिसायला लागली, कारण तिच्या तपकिरीतलाही पिवळा गेला. तिच्या पंखांसाठी मग पुन्हा बसावं लागलं. छापखान्यातल्या माणसानं भिंग दिलं. त्याखाली कोंबडी म्हणजे नुसते ठिपके, निळे, गुलाबी, पिवळे, काळे. एवढ्या जवळून मी कधी जिवंत कोंबडीही पाहिलेली नाही.

कराराचं म्हणाल तर छापील किमतीवर दहा टक्के, त्यातले निम्मे चित्रकाराचे. किंमत शंभर रुपये. म्हणजे दर प्रतीमागे मला पाच रुपये, ज्यात बाजारात अख्खं गावठी अंडंही येत नाही. दिरांना सांगितलं तेव्हा त्यांची लाचेबद्दलची भूमिका किंचित मवाळ झाली. मला मात्र कागदपत्रांतल्या दुसऱ्याच गोष्टींचं अप्रूप. पुस्तकाला तेरा आकडी आयएसबीएन मिळाला. तो देणारी सरकारी यंत्रणा राजा राममोहन रॉय यांच्या नावाची, आणि ती त्याचे पैसे घेत नाही. शिवाय १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत प्रकाशकानं तीस दिवसांत, स्वखर्चानं, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या एकेका ग्रंथालयाला पाठवायची असते. बाजाराला निघालेली आमची कोंबडी कोलकात्यापर्यंत जाणार, आणि तिकीट प्रकाशक काढणार.

दुसऱ्या गिऱ्हाइकाची गाठ पडली ती छपाईच्या आधी. तासगावच्या बाजूला माझी एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिच्या पहिली-दुसरीच्या वर्गात मी डमी घेऊन गेले. चोच पहिल्याच पानावर सापडली. गांडुळावर वर्ग लोळला. अंडं आल्यावर एकानं विचारलं, सीट गरम होती का? मी पुस्तक मिटलं आणि तात्पर्य कुणीतरी विचारणार म्हणून तयारीत राहिले. कुणीच विचारलं नाही. खिडकीजवळच्या एका मुलीनं विचारलं, "मग बाजारात कोंबडी विकली काय?"

लाच, लपवाछपवी, कंडक्टरचा मान, सगळ्याची चर्चा आम्ही मोठ्यांनी केली होती. आजी कोंबडी घेऊन बाजाराला कशाला जातेय, हे आमच्यापैकी एकालाही पडलेलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत मागच्या रांगेतला एक म्हणाला, "विकायलाच नेली की. माझी आय पण नेती." मुलगी म्हणाली, अंडं देणारी कोंबडी कुणी विकतं होय! तो म्हणाला, शाळा सुरू होताना विकतात. वह्या आणायच्या असतात. वर्ग दोन बाजूंना फुटला. आवाज इतका चढला की शेजारच्या वर्गावरचे गुरुजी डोकावून गेले. मला कुणी काही विचारत नव्हतं. गोष्ट कुणी लिहिली याच्याशी आता कुणाला कर्तव्य नव्हतं.

हे मी संपादकबाईंना फोनवर सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, आणि मग मलपृष्ठाची आतली बाजू मोकळी करायला लावली. माझा परिचय आणि फोटो तिथं येणार होता. परिचय आता बारीक अक्षरांत हक्कांच्या खाली गेलाय आणि फोटो गळलाय. चष्मा बदलून, स्टुडिओत जाऊन काढलेला फोटो होता. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? त्या जागी चित्रं काढणाऱ्या मुलीनं परतीची एसटी काढलीय. आजी पेंगतेय, नातीच्या मांडीवर पिशवी आहे, पिशवी फुगलेली आहे. आत कोंबडी की नव्या वह्या, ते दिसत नाही. खिडकीजवळच्या त्या मुलीला हे चालेल की नाही कुणास ठाऊक. मला ते मान्य आहे, एवढंच मी म्हणू शकते.

राहिला प्रकाशन समारंभ. बँकेतल्या मंडळींचा आग्रह नगर वाचनालयाच्या सभागृहाचा. शाल, श्रीफळ, सोनेरी कागदात गुंडाळलेली प्रत, रिबिनीची गाठ सुटता सुटत नाही तोवर फोटोग्राफरचं 'इकडे बघा'. मग तीन भाषणं, आणि ज्यांच्यासाठी पुस्तक ती पोरं मागं पाण्याच्या पिंपाशी पेले वाजवताहेत. मी अशा समारंभांना कमी गेलेले नाही. म्हणून ठरवलं, कार्यक्रम त्या शाळेच्या व्हरांड्यात, शाळा भरायच्या वेळी. पुस्तक पोरंच उघडतील. येणाऱ्या मोठ्यांना बसायला सतरंजी, भाषण एकच.

ते भाषण दिरांनी मागून घेतलंय. म्हणाले, "अंड्याचा मुद्दा मी सोडलेला नाही वहिनी, तिथं मांडणार." मांडू देत. समोर बाजाराला कोंबड्या नेणाऱ्या घरची पोरं असतील, आणि त्यांना आधीच सांगून ठेवलंय की पाहुण्यांना मध्येच प्रश्न विचारले तर चालतील.