केदारकंठाची पाने

३ डिसेंबर, सांगली

साताऱ्याहून भाचीचा फोन आला. केदारकंठाच्या जानेवारीतल्या तुकडीत आम्हा दोघींना जागा मिळाली. ‘आत्या, आता माघार नाही हं,’ म्हणाली. माघार कोण घेतंय! बर्फातून चालायची इच्छा कॉलेजपासूनची आहे. तेव्हा घरून परवानगी नव्हती, मग संसार, मग नोकरी. आता गुडघे धड आहेत आणि रजा शिल्लक आहे.

माहितीपत्रकात ‘नवशिक्यांसाठी सोपा’ असं ठळक छापलंय. शिखराची उंची १२,५०० फूट. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे हे दुपटीहून जास्त. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो, आणि त्याच प्रमाणात दर श्वासाला प्राणवायूही कमी मिळतो. शिवाय थंडी, शिवाय बर्फ. मग हे ‘सोपं’ कोण करतं आणि कसं करतं, ते मला डोळ्यांनी पाहायचंय.

१४ डिसेंबर, सांगली

सांगली सपाट. कृष्णेकाठी आयर्विन पुलापर्यंत कितीही फेऱ्या मारल्या तरी पोटऱ्यांना चढ कळत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी मिरजेच्या पुढे दंडोबाच्या डोंगरावर जाते आणि एरवी इमारतीचा जिना चढते-उतरते. पाठीवरच्या सॅकमध्ये ज्वारी भरलेली. आज सहा किलो होती. खालच्या मजल्यावरच्या काकू दार उघडून विचारतात, ‘अहो, काय हरवलंय का?’ त्यांना केदारकंठा सांगितला. त्यांना केदारनाथच वाटलं. बरेच जण तसंच समजतात. हा डोंगर उत्तरकाशी जिल्ह्यात, केदारनाथापासून पार लांब, यमुनेला मिळणाऱ्या टोन्स नदीच्या खोऱ्यात आहे.

२१ डिसेंबर, सातारा

पहाटे भाचीबरोबर यवतेश्वरचा घाट. सातारची हिल मॅरेथॉन याच घाटातून धावतात आणि ती दर वर्षी त्यात असते. माझ्यासाठी ती चालत होती. अर्ध्या घाटात थांबून मला म्हणाली, ‘बोलता येतंय ना? वाक्य तुटलं की वेग कमी कर. बर्फातही हाच हिशेब.’

चढण्याचं भय सातारच्या पोरींना नाहीच. याच गावची प्रियांका मोहिते २०१३ मध्ये एव्हरेस्टवर गेली, नंतर ल्होत्से आणि मकालू, २०२१ मध्ये अन्नपूर्णा, २०२२ मध्ये कांचनगंगा. आठ हजार मीटरवरची पाच शिखरं! इथल्या मुलींना अजिंक्यताऱ्याकडे बघताना आता वेगळं काही दिसत असणार.

तरी एक गोष्ट आम्हा सह्याद्रीवाल्यांनी लक्षात ठेवायला हवी. वासोटा, सज्जनगड, प्रचितगड करून पाय तयार होतात, दमही वाढतो; पण उंचीची आणि थंडीची सवय होत नाही. गडावर घामाने भिजलेला सुती शर्ट वाऱ्याने वाळतो, बर्फात तोच शर्ट अंगातली ऊब काढून घेतो. आज बॅग भरताना सगळं सुती बाजूला काढलं. आत घाम शोषून लगेच वाळणारा थर, मध्ये लोकरीचा किंवा फ्लीसचा, वर वारा अडवणारा. मोज्यांचे जादा जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. आणि कोकमतेलाचा एक गोळा, थंडीत ओठ-टाचा फुटतात म्हणून.

१२ जानेवारी, सांकरी

गोवा एक्सप्रेसने दिल्ली. मी मिरजेला बसले, भाची मध्यरात्रीच्या सुमारास साताऱ्याला चढली, हातात कंदी पेढ्यांचा डबा. दिल्लीहून डेहराडून. आज पहाटेपासून गाडी मसुरी, पुरोला, मोरी असं करत जवळजवळ २०० किलोमीटर चालली. पुरोल्याच्या खोऱ्यात लाल तांदूळ पिकतो. आता शेतं रिकामी होती. नैटवाडला रुपिन आणि सुपिन एकत्र होऊन टोन्स बनते. तिथेच वनखात्याचं नाकं, कारण पुढे गोविंद पशुविहाराची हद्द लागते. याच खोऱ्यात कर्णाचं देऊळ आहे. आपल्याकडे कर्णाची कीर्तनं ऐकली, नाटकं पाहिली, पण त्याला नैवेद्य दाखवणारं गाव पहिल्यांदाच ऐकलं.

सांकरी साधारण ६,४०० फुटांवर. देवदाराची लाकडी घरं, जनावरं खाली, माणसं वर. रात्री राजमा आणि मंडव्याची रोटी. मंडवा म्हणजे आपली नाचणी. कोयनेकाठच्या गावांत हीच भाकरी खाल्ली आहे, त्यामुळे पहिला घास घेतला आणि परकेपणा गेला.

आमचा गाइड शेजारच्याच गावचा, तिशीतला. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून प्राथमिक अभ्यासक्रम केलेला. १९६५ ची ही संस्था. एव्हरेस्टवर गेलेल्या बचेंद्री पाल याच जिल्ह्याच्या. त्याने प्रत्येकाचा रक्तदाब आणि ऑक्सिजन मोजून वहीत लिहिला. मग म्हणाला, ‘सिरदर्द हो तो छुपाना मत. छुपाने वाला ही फँसता है.’ मला मौसीजी म्हणतो.

१३ जानेवारी, जुडा का तालाब

९,१०० फूट. तळं गोठलेलं. वाट आधी पाइनमधून, मग बांज (ओक) आणि बुरांशाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) रानातून. बर्फ आधी झाडांच्या सावलीत तुकड्यातुकड्याने दिसला, मग पायाखाली आला आणि मग दुसरं काही उरलंच नाही.

खेचरवाल्या दादांचं काम मी बराच वेळ बघत उभी राहिले. खेचराच्या खुरात बर्फ घट्ट बसून गोळा होतो आणि जनावर घसरतं. दर थोड्या अंतरावर ते थांबतात, पाय उचलून गुडघ्यावर घेतात आणि लोखंडी आकड्याने तो गोळा खरवडून काढतात. पाठीवर आमचे तंबू, शिधा, गॅसच्या टाक्या. आम्ही पाण्याची बाटली आणि जॅकेट एवढंच घेऊन ‘ट्रेक’ करतो आहोत. सोपेपणाचा पहिला भाग इथे सापडला.

संध्याकाळी एका गोष्टीने जीव कळवळला. मुख्य वाटेच्या कडेला बर्फाखालून चिप्सची पाकिटं वर आलेली. नाताळ ते नववर्ष इथे तंबूला तंबू लागतात, तेव्हाची ही असावीत. थंडीत इथे काहीच कुजत नाही, शौचाच्या खड्ड्यातलंसुद्धा. आमच्याकडे साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या दिवसांत रोजच्या पर्यटकांवर मर्यादा घातली, तेव्हा लोकांनी कुरकुर केली, पण पठार वाचायचं तर दुसरा उपाय नव्हता. इथेही तशी मर्यादा हवी आणि ती कडकपणे पाळायला हवी. तुकडीतल्या मुलींना भाचीने चहाच्या वेळीच सांगून ठेवलं : वापरलेले पॅड कागदात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात घालून परत खाली न्यायचे. मुलांसमोरच सांगितलं, आवाज न दबवता. बरं केलं.

१४ जानेवारी, तळछावणी

संक्रांत! ११,२५० फुटांवर तिळगूळ वाटला. स्वयंपाकी भाऊंनी तो दोन्ही हातांत घेतला. खाली उत्तरकाशीत आजपासून माघमेळा सुरू होतो, म्हणाले, गावोगावच्या देवांच्या डोल्या येतात. त्यांचे हात बघितले, बोटांच्या पेरांवर उभ्या भेगा, काहींतून रक्त. गोठवणाऱ्या पाण्यात आमच्या ताटल्या धुऊन झालेल्या त्या भेगा. कोकमतेल कसं लावायचं ते दाखवलं : गोळा चुलीजवळ धरायचा, सुटेल तेवढं भेगेत भरायचं आणि वर मोजा घालून झोपायचं. गोळा त्यांनाच देऊन टाकला. जेवणानंतर आपापली ताटली घासायची असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं.

दुपारी बर्फात चालायचा सराव. चढताना बुटाचं टोक बर्फात मारून पायरी करायची, पुढच्याच्या पावलात पाऊल ठेवायचं; उतरताना आधी टाच. बुटाला मायक्रोस्पाइक चढवायचे, म्हणजे रबराच्या पट्ट्यात साखळ्या आणि त्यांना लोखंडी दाते. तंबूत बसून चढवायला सोपे, पण पहाटे अंधारात बोटं बधिर असताना तेच काम अवघड, म्हणून गाइडने डोळे मिटून चढवायला लावले.

आणि मग संध्याकाळची ती गोष्ट. आमच्या तुकडीत कराडचे एक गृहस्थ आहेत, माझ्याच वयाचे, चालायला काटक. दुपारपासून जेवण जात नव्हतं, डोकं ठणकत होतं. वहीतल्या आकड्यांप्रमाणे त्यांचा ऑक्सिजन कालच्यापेक्षा बराच उतरलेला. गाइडने त्यांना सरळ रेषेत एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत चालायला सांगितलं. तोल राहिला, पण उलटी झाली. गाइड शेजारी बसला आणि म्हणाला, ‘सर, आप अभी नीचे जाएँगे. मेरा भाई साथ जाएगा.’ ते विनवत होते, उद्या सकाळपर्यंत बघू म्हणत होते. गाइडने आवाज चढवला नाही, उत्तरही बदललं नाही. अंधार पडायच्या आत दोघं खाली निघाले.

मला त्या गाइडबद्दल फार आदर वाटला. पैसे भरून आलेल्या, वयाने मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणणं सोपं नाही. उंचीच्या त्रासावर खाली उतरणं हा खरा उपाय. गोळी मदत करते, पण उतरण्याची जागा घेत नाही. याच जिल्ह्यात २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये द्रौपदी का डांडावर हिमस्खलनात प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक गेले. त्यांत एव्हरेस्ट केलेली प्रशिक्षिका सविता कंसवालही होती. २०२४ च्या जूनमध्ये सहस्रतालच्या वाटेवर वादळात कर्नाटकातले ट्रेकर गेले. हे डोंगर सोप्या-अवघडाचे शिक्के वाचत नाहीत. सोपेपणा असतो तो वेळेवर ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसात.

बाहेर उणे १० च्या आसपास असेल. पाण्याची बाटली, मोबाइल आणि उद्याचे मोजे झोपायच्या पिशवीत घेतलेत.

१५ जानेवारी, हरगाव

रात्री अडीचला उठवलं, तीनला निघालो. कपाळावरच्या दिव्यांची रांग. गाइड सगळ्यांत पुढे, इतक्या हळू की सुरुवातीला पोरं अस्वस्थ झाली. अर्ध्या तासाने त्याचं कारण कळलं : कुणालाच धाप लागली नव्हती आणि कुणालाच घाम नव्हता. पहाटेचा बर्फ कोरडा, साखरेच्या पोत्यावरून चालल्यासारखा करकरतो. मी यवतेश्वरच्या घाटातला हिशेब धरला. वाक्य तुटत होतं, तेव्हा दोन-दोन शब्द बोलले. तेही तुटले तेव्हा थांबले. भाचीने एकदाही पुढे यायला सांगितलं नाही. ती माझ्या मागेच राहिली.

शेवटचा चढ उभा. तिथे वारा सुरू झाला, पापण्यांवर बर्फ धरला. गाइड कुऱ्हाडीने पायऱ्या करत होता आणि प्रत्येकाला नाव घेऊन ‘अब बायाँ पैर’, ‘अब दायाँ’ सांगत होता. मी त्याच्या आवाजाबरोबर पाय टाकत गेले, आणि मग वर जायला काही उरलं नाही. त्रिशूळ, घंटा, शंकराचं छोटं ठाणं. सूर्य यायचाच होता. आधी स्वर्गारोहिणीच्या माथ्याला रंग चढला, मग बंदरपूंछला, मग काळानागला. पांडव ज्या वाटेने सदेह स्वर्गाला निघाले असं मानतात ती ही स्वर्गारोहिणी, २०,५०० फुटांची, समोर उभी. मी रडले. भाचीही रडली. पेढ्यांचा डबा उघडला, पेढे दगडासारखे घट्ट झालेले, ते तोंडात धरून विरघळवले. पहिला गाइडला.

फार वेळ बसू दिलं नाही. ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत रुततो; दुपारी ढग येतात. गॉगल काढू नका, हेही तो सतत सांगत होता. बर्फावरून परतलेल्या उन्हाने डोळे भाजतात आणि ते कळतं संध्याकाळी. वरून हरगाव येईपर्यंत माझ्या मांड्या थरथरत होत्या. उतरणं चढण्याहून अवघड गेलं.

१६ जानेवारी, सांकरी

प्रशस्तिपत्रांचा कार्यक्रम झाला. आम्ही गाइडला सांगून स्वयंपाकी भाऊ, खेचरवाले दादा आणि गाइडचा भाऊ यांनाही पुढे बोलावलं आणि सगळ्यांनी मिळून त्यांच्या हातात पाकिटं दिली. गाइडला पुढचा प्रगत अभ्यासक्रम करायचाय. हंगाम संपला की सफरचंदाच्या बागेत काम करतो. या सहा-सात गावांचं हिवाळ्यातलं उत्पन्न आता मुख्यतः या डोंगरावर आहे.

कराडचे गृहस्थ खालीच भेटले. चेहरा टवटवीत, जेवणही व्यवस्थित. ९,००० फुटांच्या खाली येताच डोकं थांबलं म्हणाले. पुन्हा येणार का, भाचीने विचारलं. येणार, पण पुढच्या वेळी वाटेत एक दिवस जास्त राहून. मग त्यांनी वही काढली आणि आमच्या सरावाचं सगळं उतरवून घेतलं. तिघांना जवळ पडेल असा डोंगर कोणता, यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी कराडजवळचा आगाशिव ठरला. महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी सहाला, पायथ्याशी.