शिवाजीनगरचा सुगंध

वाचकहो, बंगळूरला गेलात तर एक संध्याकाळ शिवाजीनगरसाठी अवश्य राखून ठेवा. ज्या नगरात १६३८ नंतर शहाजीराजांचे वास्तव्य होते, त्याच नगरातील ही गजबजलेली वस्ती आज छत्रपतींचे नाव मिरविते.

१९२७ साली बांधलेल्या रसेल मार्केटातून फुलांचा दरवळ घेत आपण बाहेर पडलात की जवळच सेंट मेरी बॅसिलिकेचे उंच शिखर दृष्टीस पडते. तेथे मोठ्या उपासनेच्या वेळी साखळ्यांना टांगलेले धूपपात्र झुलविले जाते. दर्ग्यात ऊददानीतून लोबानाचा धूर निघतो. देवळात धुपारती होते. पात्रे तीन, पण रचना एकच: आत निखारा, धुरास वाट आणि धरणाऱ्याच्या हातास चटका लागू नये अशी सोय.

हे साम्य पाहिले की श्रीलंकेतील एका शिळेची आठवण होते. १९११ मध्ये गॉल येथे सापडलेली ही शिळा आता कोलंबोच्या संग्रहालयात आहे. चीनच्या मिंग सम्राटाच्या वतीने दर्यासारंग झेंग हे याने ती उभारविली. तीवर १४०९ हे वर्ष असून लेख तीन भाषांत आहे: चिनी लेख बुद्धास, तमिळ लेख विष्णूच्या एका रूपास, तर फारसी लेख अल्लास उद्देशून. अर्पण केलेल्या सोने, चांदी व रेशमाच्या यादीत धूपदानेही आहेत!

मिंग कारागिरांनी या साध्या वस्तूस राजवैभव दिले. सोने पाऱ्यात कालवून त्याचा लेप ते कांशावर देत. मग पात्र तापवीत. पारा उडून जाई व सोने धातूस घट्ट बिलगून राही. पाऱ्याची ती वाफ मात्र कारागिराच्या जिवावर बेतणारी असे. काही पात्रांना सिंहासारख्या काल्पनिक पशूचे मस्तक झाकण म्हणून बसवीत. धूर त्याच्या मुखातून बाहेर पडे.

आपल्याकडे मात्र ‘तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले’ या म्हणीने धुपाटण्यास कवडीमोल ठरविले. माळ्यावरचे पितळी धुपाटणे मोडीत निघते, तराजूत पडते आणि वितळून जाते. त्याबरोबर ते घडविणाऱ्या हातांची खूणही नाहीशी होते. म्हणून विनंती एवढीच: आपल्या घरी असे एखादे धुपाटणे असेल, तर ते विकण्यापूर्वी एकदा चिंचेने घासून पाहा, मुलांना दाखवा आणि सायंकाळी त्यात चिमूटभर धूप घाला. त्याचे मोल वजनात नाही, हे ते स्वतःच सांगेल.