तळाची ओळ

मुलांनो, तुमच्या घरी रोज वर्तमानपत्र येते का? की तुम्ही सगळ्या बातम्या मोबाइलवरच वाचता?

मी तुमच्याएवढा होतो, तेव्हा आम्ही मालेगावात राहत होतो. घरी दोन वर्तमानपत्रे येत. उर्दू उजवीकडून उघडायचे, मराठी डावीकडून! अब्बा यंत्रमागावर काम करीत. रात्रपाळी संपवून आले, की चहा पिता पिता उर्दू वर्तमानपत्र वाचत. त्यांना मराठी बोलता येई, पण वाचता येत नसे. म्हणून मराठी बातम्या मी वाचून दाखवी. मी अडखळलो, तर ते म्हणत, "सावकाश वाच, बेटा."

एकदा मी पानाच्या तळाची बारीक ओळ सोडून दिली. अब्बांनी विचारले, "तिथं काय लिहिलंय?"

"संपादकाचं नि छापणाऱ्याचं नाव आहे, पत्ता आहे. त्यात कसली आली बातमी?"

अब्बा हसले. "बातमी खोटी निघाली, तर जाब कुणाला विचारायचा, ते तिथं लिहिलेलं असतं."

छापणाऱ्याचे आणि प्रकाशकाचे नाव देणे १८६७ च्या कायद्याने सक्तीचे केले होते, हे मला पुढे कळले.

मग २०२० साल उजाडले. करोनामुळे मार्च महिन्यात टाळेबंदी झाली. आमच्याकडे वर्तमानपत्र टाकणारा मुलगा येईनासा झाला. अब्बा आता म्हातारे झाले होते; तरी रोज सकाळी दार उघडून उंबऱ्याकडे पाहत. मी त्यांना मोबाइलवर उर्दू वर्तमानपत्र काढून दिले, अक्षरे मोठी करून दाखवली. ते लहान मुलासारखे खूश झाले.

एके संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला : 'उद्यापासून आठ दिवस दूध, किराणा काहीच मिळणार नाही.' मी घाबरलो. तो लगेच शेजाऱ्यांना पाठवला आणि पिशवी घेऊन निघालो. अब्बांनी मला थांबवले.

"त्याच्या तळाशी नाव कुणाचं आहे?"

मी पाहिले. नाव नव्हते, पत्ता नव्हता, तारीखही नव्हती.

पण तोवर उशीर झाला होता. किराणा दुकानासमोर झुंबड उडाली. शेजारच्या खाला गर्दीत पडल्या आणि त्यांचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीसारखे उघडले. खालांना तो संदेश मीच पाठवला होता! मी त्यांची माफी मागितली. त्यांनी माफही केले; पण त्यांचा गळ्यात बांधलेला हात पाहिला, की माझी मान खाली जाई.

मुलांनो, मोबाइल वाईट नाही. आज मीही त्यावरच वाचतो. गावोगावची वर्तमानपत्रे, जुनी मासिके त्यावर घरबसल्या मिळतात. अंधुक दिसणाऱ्यालाही त्यावर वाचता येते. कागद असो वा मोबाइल, वाचा. पण सावकाश वाचा. कोण सांगतो आहे, कुठून सांगतो आहे, कधीचे सांगतो आहे, ते आधी शोधा. ती तळाची ओळ सापडली नाही, तर संदेश पुढे पाठवू नका.

मी ती ओळ वाचायला उशिरा शिकलो. तुम्ही आजच शिका.