रोयणीवरची अळंबी

श्रावणात घरात मासळी बंद, त्यामुळे काकीचं सगळं लक्ष रानाकडे. रात्री गडगडाट झाला की सकाळी ती टोपली घेऊन निघते. यंदा मीही मागे लागलो. मसुरे गावच्या रानात मला सगळ्याच छत्र्या सारख्या. एक पांढरीशुभ्र दिसली म्हणून वाकलो, तर काकी म्हणाली, "ती नको रे. आधी रोयण खंय आसा ता बघ."

म्हणजे अळंबी ओळखायची ती वारुळावरून! सापडली तेव्हा टोपीच्या मधोमध टणक, टोकदार उंचवटा होता. माती फोडून वर येते ती त्याच्या जोरावर. देठाभोवतीची माती बोटांनी उकरत गेलो, देठ बारीक होत खाली चाललेलाच. "उकरत बसू नको, मोड. रोयण फोडलंस तर फुडल्या वर्साक काय खातलंस?"

खाली वाळवीची शेती असते. वाळवी पालापाचोळा, लाकूड खाऊन त्याच्या लेंड्यांचे पोळ्यासारखे थर रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि तीच खाते. पावसात त्या बुरशीला वर फुटतात त्या आपल्या अळंब्या. म्हणून ही अळंबी धिंगरीसारखी पिशवीत पिकवता येत नाही आणि बाजारात भाव खाते.

घरी एक टोपी काळ्या-पांढऱ्या कागदावर पालथी घालून वर वाटी ठेवली. सकाळी कागदावर फिकट गुलाबी भुकटी. हिरवट पडली असती तर ती क्लोरोफायलम, म्हणजे उलट्या-जुलाब. अर्थात गुलाबी पडली म्हणून खाण्याजोगी असंही नाही; एन्टोलोमा अळंब्यांचीही गुलाबीच पडते, आणि त्यांतल्या काही विषारी. इथे मी पार गोंधळलो.

गोंधळ शास्त्रज्ञांचाही झालेला दिसतो. रोजे हाइम या फ्रेंच संशोधकाने १९४२मध्ये या अळंब्यांची टर्मिटोमायसीस ही वेगळी प्रजाती केली. त्याच्याच नावावरून आपल्याकडच्या एका जातीला हाइमी म्हणतात. कुळ मात्र बदलत राहिलं. शेवटी डीएनए तपासून तिला लायोफायलेसी कुळात बसवलं, जिथे बहुतेकांची भुकटी पांढरी!

हे काकीला सांगितलं. ती वाटप वाटत होती. "गुलाबी काय नि पांढरी काय, रोयणीवरची मां?"

मग तिने टोपलीतल्या नखाएवढ्या अळंब्या पुढे केल्या. यांना लांब मूळच नाही. मायक्रोकार्पस ही जात. वाळवीने बाहेर आणून टाकलेल्या थरांच्या चुऱ्यावर, उघड्या जमिनीवर उगवते. रोयण जवळ कुठेच दिसत नव्हती, तरी काकीने त्या बिनधास्त वेचल्या होत्या.